ग्रंथालयाच्या डेटाबेसमधून संशोधन लेख कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझ्या टेबलाशी येणारी बहुतेक मुलं पहिलं वाक्य एकच बोलतात, "मॅडम, माझ्या विषयावर काहीच मिळत नाहीये." मी त्यांना शेजारी बसवते आणि सांगते, शोधाच्या चौकटीत काय टाकलं होतंस ते जसंच्या तसं पुन्हा टाइप कर. बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते. लेख असतो, पण तो लिहिणाऱ्याचे शब्द वेगळे आणि आपण टाकलेले वेगळे. खालचे प्रश्न त्या टेबलावर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. जिथे अडलात तिथून वाचा.

गूगलवर सगळं मिळतं. मग डेटाबेस कशाला?

गूगल वापरू नका असं मी कुणालाच सांगत नाही. विषयाची तोंडओळख करून घ्यायला ते चांगलंच आहे. २००४ साली सुरू झालेलं गूगल स्कॉलर तर अर्धवट आठवणारा पेपर हुडकून काढायला मी स्वतः रोज वापरते. पण त्यात कुठली जर्नलं घेतली आहेत याची यादी कुठे मिळत नाही. प्रबंध, परिषदेतली टिपणं, अजून न तपासलेले मसुदे असं सगळं एकाच रांगेत उभं असतं. निकाल लाखभर दिसले तरी प्रत्यक्षात पहिले १००० च उघडून पाहता येतात.

डेटाबेसमध्ये प्रत्येक लेखाची नोंद कप्प्याकप्प्यांत ठेवलेली असते: शीर्षक, लेखक, जर्नल, साल, सारांश, विषय. त्यामुळे "हा शब्द शीर्षकातच हवा", "फक्त २०१५ नंतरचं", "फक्त प्रयोगावर आधारलेलं" अशी नेमकी मागणी करता येते. शिवाय आज केलेला शोध महिन्याभराने तसाच पुन्हा करता येतो आणि मधल्या काळात काय नवं आलं तेवढंच वेगळं काढता येतं. प्रबंध लिहिणाऱ्याला याची किंमत लगेच कळते.

जर्नल आणि डेटाबेस यांत फरक काय?

जर्नल म्हणजे ठरावीक काळाने निघणारं संशोधनाचं नियतकालिक. डेटाबेस म्हणजे शेकडो-हजारो जर्नलांमधल्या लेखांच्या नोंदी एकत्र करून शोधण्याजोग्या केलेला साठा. काही डेटाबेस पूर्ण लेख देतात, काही फक्त शीर्षक आणि सारांश देऊन लेख कुठे छापला आहे ते सांगतात. म्हणून एखाद्या डेटाबेसमध्ये "पीडीएफ नाही" याचा अर्थ लेख मिळणारच नाही असा होत नाही.

इतके डेटाबेस आहेत, माझ्यासाठी कुठला?

तुमच्या विषयाचा एक आणि सर्वविषयी एक, असे दोन तरी घ्या. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं आहे आणि कुणालाही फुकट वापरता येतं. शिक्षणशास्त्रासाठी ईआरआयसी, तेही फुकट. मानसशास्त्रासाठी सायकइन्फो. सगळ्या विषयांत फिरायचं असेल तर स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स, पण या दोन्हींना वर्गणी लागते, तेव्हा आपल्या ग्रंथालयाने ती भरली आहे का ते आधी पाहा. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्रातले ताजे मसुदे १९९१ साली सुरू झालेल्या आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर येतात. ते वाचावेत, मात्र त्यांची तज्ज्ञ तपासणी झालेली असेलच असं नाही हे ध्यानात ठेवून.

इतिहास, साहित्य, समाजशास्त्राची मुलं जेस्टोरवर जातात आणि "गेल्या तीन वर्षांतलं काहीच का नाही" म्हणून बुचकळ्यात पडतात. त्याचं कारण जेस्टोरच्या जन्मातच आहे. जर्नलांच्या जुन्या बांधीव खंडांनी ग्रंथालयांची कपाटं भरून वाहू लागली होती. ते खंड एकदाच नीट स्कॅन करून सगळ्यांनी मिळून वापरावेत या विचारातून १९९५ साली ते उभं राहिलं. त्यामुळे १६६५ साली सुरू झालेल्या रॉयल सोसायटीच्या जर्नलचे पहिले अंकही तिथे दिसतात, आणि उलट बऱ्याच जर्नलांचे ताजे अंक काही वर्षं मागे ठेवलेले असतात. जुनं वाचायचं तर जेस्टोरला तोड नाही. पण नव्यासाठी केवळ त्याच्या भरवशावर राहिलात तर तुमची संदर्भसूची शिळी दिसेल.

मी माझा पूर्ण प्रश्न टाइप केला तर काहीच आलं नाही. माझं काय चुकलं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे सावकाश जाऊ. परवा एक मुलगी आली. तिचा विषय होता: रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्याने शाळकरी मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का? तिने हे अख्खं वाक्य इंग्रजीत करून चौकटीत टाकलं होतं. डेटाबेस बहुधा असं समजतो की यातला प्रत्येक शब्द लेखाच्या नोंदीत असायलाच हवा. "लेट", "नाइट", "वॉचिंग", "इफेक्ट" हे सगळे शब्द एकाच सारांशात येणार कुठून?

आम्ही कागद घेतला आणि त्यावर तीन रकाने पाडले. कशाबद्दल? मोबाइल. कुणाबद्दल? शाळकरी मुलं. काय मोजायचंय? अभ्यासातली प्रगती. "परिणाम" हा शब्द मी तिला मुद्दाम खोडायला लावला. कुणी "इफेक्ट" लिहितं, कुणी "इम्पॅक्ट", कुणी "असोसिएशन", कुणी नुसतंच "रिलेशनशिप". तो शब्द टाकला की कामाचे लेख गळतात आणि हाती काही लागत नाही.

मग प्रत्येक रकान्याखाली, दुसरा माणूस हेच कसं म्हणेल, ते लिहीत गेलो. पहिल्यात स्मार्टफोन, मोबाइल फोन, सेल फोन, स्क्रीन टाइम. दुसऱ्यात ॲडोलेसंट्स, टीनेजर्स, सेकंडरी स्कूल स्टुडंट्स. तिसऱ्यात अकॅडेमिक परफॉर्मन्स, अकॅडेमिक अचीव्हमेंट, ग्रेड्स. लिहिता लिहिता तीच म्हणाली, "मॅडम, मधे झोप येते ना? मोबाइलमुळे झोप कमी होते आणि झोप कमी झाल्याने अभ्यास." तिच्या मूळ वाक्यात झोप हा शब्दच नव्हता. चौथा रकाना पडला आणि तिचा विषय त्या क्षणाला जास्त नेमका झाला. हे काम संगणकावर होत नाही, कागदावरच होतं. त्यासाठी वीस मिनिटं गेली तर ती वाया गेली असं मानू नका.

यानंतर ॲडव्हान्स्ड सर्च उघडायचा. तिथे एकाखाली एक चौकटी असतात. एका रकान्याला एक चौकट.

अँड, ऑर, नॉट यांचा गोंधळ होतो. सोपं करून सांगाल?

एकाच रकान्यातले पर्यायी शब्द "ऑर" ने जोडायचे, आणि एक रकाना दुसऱ्याला "अँड" ने. "ऑर" जाळं मोठं करतो, "अँड" लहान करतो. बोलताना आपण "मुलं आणि मुली दोघांवरचे लेख हवेत" म्हणतो, म्हणून हात आपसूक "अँड" कडे जातो; पण डेटाबेसला ते "ज्या लेखात दोन्ही शब्द आहेत तेवढेच दे" असं ऐकू जातं. तिथे हवा असतो "ऑर".

वरच्या उदाहरणात पहिल्या चौकटीत स्मार्टफोन ऑर मोबाइल फोन ऑर सेल फोन ऑर स्क्रीन टाइम, दुसऱ्या चौकटीत मुलांसाठीचे शब्द, तेही "ऑर" ने जोडलेले, तिसरीत अभ्यासाचे. चौकटींच्या मधे मात्र "अँड". झोपेची चौथी चौकट आम्ही आधी रिकामी ठेवली. निकाल फार आले तेव्हा भरली.

सगळं एकाच ओळीत लिहायचं असेल तर प्रत्येक रकान्याभोवती कंस घाला. कंस नसले तर कुठला जोडशब्द आधी पाळायचा हे यंत्र स्वतः ठरवतं, आणि प्रत्येक डेटाबेसची रीत वेगळी. पबमेड डावीकडून उजवीकडे जातं. तुमच्या मनातला क्रम त्याला कळायला दुसरा मार्ग नाही.

"नॉट" शक्यतो वापरूच नका. प्रौढांवरचे लेख नकोत म्हणून "नॉट ॲडल्ट्स" लिहिलं, तर किशोर आणि प्रौढ दोघांची तुलना करणारा लेखही उडतो, जो कदाचित तुम्हाला सगळ्यात जास्त हवा होता. आणि तो उडाला हे तुम्हाला दिसतही नाही.

अवतरणचिन्हं आणि तारांकन कधी वापरायचं?

दोन शब्द शेजारी शेजारीच हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाका. नाहीतर "स्क्रीन" एका वाक्यात आणि "टाइम" चार ओळींनंतर असला तरी लेख येतो.

तारांकन म्हणजे शब्दाचं शेपूट मोकळं सोडणं. इंग्रजीत "टीच" लिहून पुढे तारा दिला की टीचर, टीचर्स, टीचिंग सगळं येतं. कुठे तोडायचं याला मात्र हिशेब लागतो. "ग्रेड" या शब्दाचं शेवटचं अक्षर काढून तारा दिलात तर ग्रॅज्युएट, ग्रॅज्युअल, ग्रेडियंट अशी भलतीच वरात येते. तारा देण्याआधी त्या अक्षरांनी आणखी कोणते शब्द सुरू होतात याचा क्षणभर विचार करा.

पबमेडपुरती एक खास सूचना. तुम्ही साधे शब्द टाकता तेव्हा पबमेड आतल्या आत ते आपल्या विषयसंज्ञांशी जुळवून बघतं आणि पर्यायी शब्द स्वतःच घालतं. अवतरणचिन्हं किंवा तारांकन वापरलंत की ही जुळवणी बंद पडते. म्हणून तिथे आधी साधा शोध करून पाहा, पबमेडने त्याचं काय केलं ते ॲडव्हान्स्ड पानावरच्या तपशिलात वाचा, आणि मग ठरवा.

विषयसंज्ञा म्हणजे काय? की-वर्डपेक्षा वेगळं असतं का?

हो, अगदी वेगळं, आणि मला शिकवायला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. की-वर्ड लेखकाचे किंवा तुमचे. विषयसंज्ञा डेटाबेसची. लेखकाने "हार्ट अटॅक" लिहिलेलं असो, "कोरोनरी" असं काही लिहिलेलं असो किंवा नुसती आद्याक्षरं दिलेली असोत, त्या लेखाच्या नोंदीला एकच ठरलेली संज्ञा लावलेली असते: "मायोकार्डियल इन्फार्क्शन". ती संज्ञा हाती आली की वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले सगळे लेख एका दोरीत ओवलेले मिळतात. पबमेडच्या या संज्ञांच्या कोशाला मेश म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९६० ची, म्हणजे संगणकावर शोध घेण्याच्या आधीपासून ही पद्धत आहे.

मेश झाडासारखं असतं. वरची फांदी घेतली की तिच्याखालच्या डहाळ्याही आपोआप शोधात येतात. कर्करोगासाठी "निओप्लाझम्स" ही संज्ञा घेतली तर फुप्फुसाचा, स्तनाचा, रक्ताचा असे खालचे सगळे प्रकार त्यात येतात. एकेक टाइप करायला लागत नाही.

कोश प्रत्येक डेटाबेसचा वेगळा. ईआरआयसीमध्ये विद्यार्थ्यांच्या प्रगतीला "अकॅडेमिक अचीव्हमेंट" म्हणतात. तुम्ही "स्टुडंट सक्सेस", "मार्क्स", "रिझल्ट्स" टाकत बसलात तर थोडं हाती लागेल, बरंच सुटेल.

मग ही संज्ञा शोधायची कशी? माझी युक्ती साधी आहे. ओबडधोबड शोध करा, कामाचा एक लेख निवडा, त्याची पूर्ण नोंद उघडा आणि सारांशाच्या खाली किंवा शेजारी "सब्जेक्ट्स", "डिस्क्रिप्टर्स" किंवा "मेश टर्म्स" अशा नावाखाली काय लिहिलंय ते वाचा. ते शब्द उचलून आपल्या कागदावरच्या रकान्यांत लिहा आणि शोध पुन्हा करा. दुसऱ्या फेरीत निकालांचा रंगच बदलतो.

फक्त विषयसंज्ञांवर मात्र विसंबू नका. अगदी नव्या नोंदींना त्या अजून लागलेल्या नसतात, आणि नव्या कल्पनांना संज्ञा मिळायलाच वेळ जातो. संज्ञा आणि साधे शब्द दोन्ही "ऑर" ने जोडून ठेवा.

इंग्रजीत शब्दच सुचत नाहीत, काय करू?

हे सांगायला लाजू नका. विषय कळला असूनही शब्दापाशी अडणारे खूप जण असतात. विषयावरच्या कोशातली नोंद किंवा पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण आधी वाचा आणि वाचताना संज्ञा टिपून घ्या. विकिपीडियावर मराठी पान उघडून त्याच पानाची इंग्रजी आवृत्ती पाहिली तरी चार शब्द हाती येतात. ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंग दोन्ही टाका: "बिहेव्हियर" मध्ये एक अक्षर कमी-जास्त झालं म्हणून निम्मे लेख गेलेले मी पाहिले आहेत. लेखकाच्या नावावरून शोधत असाल तर नाव रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिलं जातं, शिवाय कुणी पूर्ण नाव देतं तर कुणी फक्त आद्याक्षरं. दोन-तीन प्रकार करून बघा.

चार हजार निकाल आले. आता?

पहिली वीस शीर्षकं वाचा. ती कामाची असतील तर शोध बरोबर आहे, फक्त मोठा आहे. आणखी एक रकाना "अँड" ने जोडा किंवा वर्षांची मर्यादा घाला. वीसमधली पंधरा भलतीच असतील तर फिल्टर लावून उपयोग नाही, शब्द चुकलेत. कागदाकडे परत या.

"फक्त फुल टेक्स्ट" ही खूण सुरुवातीलाच करू नका असं मी कळकळीने सांगते. ती खूण लेखाचा दर्जा पाहत नाही, तो या एका डेटाबेसच्या पोटात आहे का एवढंच पाहते. तोच लेख तुमच्या ग्रंथालयाकडे दुसऱ्या मार्गाने असू शकतो.

एक अगदी हवा तसा लेख मिळाला. त्यावरून पुढे जाता येतं का?

येतं, आणि बऱ्याचदा शोधाच्या चौकटीपेक्षा हा रस्ता चांगला. लेखाच्या शेवटची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते: या लेखकाने कुणाचं वाचलं होतं. पण पुढेही जाता येतं: नंतर या लेखाचा आधार कुणी घेतला. हे दुसरं सोपं झालं ते यूजीन गारफील्ड या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञामुळे. १९५५ साली त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स छापून काढला. आजचं वेब ऑफ सायन्स त्यातूनच वाढलं. स्कोपसमध्ये आणि गूगल स्कॉलरमध्येही "सायटेड बाय" या दुव्यावर हेच मिळतं.

समजा तुमचा लेख २००८ चा आहे. "सायटेड बाय" उघडा, आणि तिथेच त्या यादीच्या आत आपला एखादा शब्द शोधा. गूगल स्कॉलरमध्ये यादीच्या वर त्यासाठी एक खूण करायची सोय आहे. पंधरा वर्षांत त्या कामाला कुणी दुजोरा दिला, कुणी खोडून काढलं, हे अर्ध्या तासात समोर येतं. सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, जास्त म्हणजे लेख खरा, असं मात्र धरू नका. चुका दाखवण्यासाठीही लेखाचा उल्लेख होतो.

"पीअर रिव्ह्यूड" ची खूण केली की मिळालेलं सगळं विश्वासार्ह ना?

नाही. "पीअर रिव्ह्यूड" म्हणजे छापण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं; पण ती खूण जर्नलला लागलेली असते, लेखाला नाही. त्याच जर्नलमधलं संपादकीय, पुस्तक परीक्षण, वाचकांची पत्रं हे सगळं त्या चाळणीतून खाली येतं. लेखात पद्धत, माहिती कशी गोळा केली, निष्कर्ष हे भाग आहेत का ते उघडून बघावंच लागतं. वाङ्मय किंवा तत्त्वज्ञानातल्या लेखांचा आराखडा वेगळा असतो; तिथे युक्तिवाद आणि संदर्भ पाहा.

पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलंही आहेत, आणि त्यांच्या संकेतस्थळावर "पीअर रिव्ह्यूड" हे शब्द ठळकपणे लिहिलेले असतात. मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं जर्नल असेल तर २००३ पासून चालू असलेल्या डीओएजे या यादीत ते आहे का पाहा. मुक्त म्हणजे हलकं असं मुळीच नाही. फक्त पडताळून घ्या.

लेख उघडायला गेलं की पैसे मागतात. भरू का?

आधी भरू नका. डेटाबेसमधल्या नोंदीजवळ ग्रंथालयाने बसवलेलं "फाइंड इट" किंवा तशाच नावाचं बटण असतं, ते दाबून पाहा. मग शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरमध्ये टाका आणि "ऑल व्हर्जन्स" उघडा. लेखकाच्या विद्यापीठाच्या साठ्यात स्वीकृत मसुदा बऱ्याचदा कायदेशीरपणे ठेवलेला असतो. वैद्यकाचं असेल तर २००० साली सुरू झालेल्या पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख फुकट मिळतात. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं साधन फुकट प्रत सापडली की तिथल्या तिथे सांगतं.

यातून नाही मिळाला तर ग्रंथालयाकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवून देण्याची, मागणी नोंदवा. ही सेवा आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. आणि लेखकाला सरळ ईमेल करा. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा आनंद होऊन लोक मनापासून प्रत पाठवतात. दोन ओळी लिहा, लेखाचं पूर्ण नाव द्या, कशासाठी हवाय ते सांगा.

ग्रंथालयात उघडतं, घरून उघडत नाही. का?

वर्गणी संस्थेच्या नेटवर्कवरून ओळखली जाते. घरून येताना डेटाबेसच्या संकेतस्थळावर थेट जाऊ नका. ग्रंथालयाच्या पानावरून लॉगिन करून त्याच्या दुव्याने आत शिरा. मित्राला लेख पाठवताना वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करू नका, तो बहुधा तुमच्या त्या लॉगिनपुरताच चालतो. नोंदीत "पर्मालिंक" (कायमचा दुवा) किंवा डीओआय असतो, तो पाठवा.

डीओआय म्हणजे काय?

लेखाचा कायमचा ओळख क्रमांक. तो १० या आकड्याने सुरू होतो. जर्नलने संकेतस्थळ बदललं, प्रकाशक बदलला तरी क्रमांक तोच राहतो. सगळ्याच जुन्या लेखांना तो नसतो, म्हणून नसला तर घाबरू नका.

छापलेला लेख पुढे चुकीचा ठरला हे मला कसं कळणार?

डेटाबेसमधल्या नोंदीवर "रिट्रॅक्टेड" (मागे घेतलेला) अशी सूचना आहे का हे दरवेळी पाहा. १९९८ साली लॅन्सेट या नामांकित जर्नलमध्ये १२ मुलांवर आधारलेला एक लेख आला, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा. २०१० मध्ये तो जर्नलने मागे घेतला. २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनी त्यातल्या निष्कर्षापासून हात काढून घेतले होते, पण मधली बारा वर्षं लेख पूर्णपणे मागे घेतला गेला नव्हता. आज पबमेडमध्ये त्याच्यावर सूचना आहे, पण कुणाच्या जुन्या संगणकात जपून ठेवलेल्या पीडीएफवर ती असणार नाही. म्हणून प्रबंध देण्यापूर्वी संदर्भसूचीतली महत्त्वाची नावं एकदा डेटाबेसमध्ये पुन्हा उघडून पाहा. संदर्भ जपून ठेवणारं झोटेरो हे साधन वापरत असाल तर मागे घेतलेल्या लेखांबद्दल ते स्वतःहून सावध करतं.

एआयने मला संदर्भांची यादी दिली. ती वापरू का?

प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही नाही. एक मुलगा अशी यादी घेऊन आला होता, "यातले लेख काढून द्या" म्हणून. लेखक खरे होते, जर्नलं खरी होती, खंड, अंक, पानं सगळं होतं. मी तो खंड उघडला तर त्या पानांवर दुसऱ्याच माणसाचा दुसऱ्याच विषयावरचा लेख. यादीतला एकही लेख कुणी कधी लिहिलाच नव्हता. त्या मुलाची त्यात लबाडी नव्हती, त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण दोन दिवसांवर त्याचं सादरीकरण होतं. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा, डीओआय उघडून बघा, जर्नलच्या पानावर तो अंक पाहा. पर्यायी शब्द सुचवायला एआयला जरूर विचारा. ते काम त्याला छान जमतं.

सापडलेले लेख आणि शोध कसे जपून ठेवू?

लेखांसाठी झोटेरो, २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि ब्राउझरमधल्या एका बटणाने नोंद आत घेतं. आत गेलेली नोंद तपासा मात्र, शीर्षकातली मोठी-लहान अक्षरं आणि लेखकांची नावं बऱ्याचदा बिघडलेली येतात.

शोधांसाठी साधी वही पुरते. तारीख, डेटाबेस, टाकलेली ओळ जशीच्या तशी, किती निकाल आले, त्यातले किती घेतले. मार्गदर्शक विचारतात, "अमुक लेख कसा सुटला?" तेव्हा ही वही उत्तर देते. डेटाबेसमध्ये स्वतःचं खातं काढलंत तर शोध तिथेही साठवता येतो आणि त्यात बसणारा नवा लेख आला की ईमेल येतो.

किती शोधलं म्हणजे पुरे?

वर्गातल्या निबंधासाठी आणि प्रबंधासाठी उत्तर वेगळं. माझा अंदाज असा: वेगळ्या डेटाबेसमध्ये, वेगळ्या शब्दांनी आणि संदर्भसूच्यांमागून जाऊनही तेच तेच लेख भेटू लागले की थांबायला हरकत नाही. पद्धतशीर आढावा (सिस्टेमॅटिक रिव्ह्यू) लिहिणार असाल तर मात्र असा अंदाज चालत नाही. कुठे, कोणत्या ओळीने, कोणत्या तारखेपर्यंत शोधायचं हे आधी लिहून ठरवावं लागतं आणि किती लेख कुठल्या टप्प्यावर का गाळले याचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब मांडण्यासाठी प्रिझ्मा नावाची ठरलेली नियमावली आहे.

आणि खरोखरच काही सापडलं नाही तर? मग विषय थोडा रुंद करून पाहा. एका गावातल्या शाळांवर कुणी लिहिलेलं नसेल, पण ग्रामीण शाळांवर लिहिलेलं असेल. तेही नसेल, आणि तुमची वही नीट भरलेली असेल, तर "या प्रश्नावर काम झालेलं आढळलं नाही" हे तुम्ही पुराव्यानिशी लिहू शकता.

ग्रंथपालांकडे मदतीला जाताना काय घेऊन जाऊ?

एका वाक्यात लिहिलेला तुमचा प्रश्न. आतापर्यंत टाकून पाहिलेल्या ओळी, फसलेल्यासुद्धा. त्या पाहूनच आम्हाला गाठ कुठे आहे ते कळतं. आणि "असं काहीतरी हवंय" म्हणता येईल असा एक लेख, जुना असला तरी चालेल. घाईत येऊ नका. रकाने पाडण्यापासून पहिली चांगली यादी हाती येईपर्यंत पाऊण तास सहज जातो.